दुसऱ्याचा कागद वाचू नये

गरिफालियाआत्ती पडली ती ऑलिव्हच्या जाळीवर. ग्रीसमधल्या आमच्या पेलोपोनीजच्या डोंगरात जमीन कसली, सगळा उतारच. फळं झेलायला झाडाखाली अंथरलेल्या जाळ्या पावसानं निसरड्या झालेल्या, आणि ही शहात्तर वर्षांची बाई काठीनं फांद्या झोडपत होती. पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या झाडाखाली काम करताना मला तो आवाज आला. तिचा थोरला भाऊ, आरिस्तिदिस मास्तर, बांधावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता.

मी तिला माझ्या टेम्पोत घालून इस्पितळात नेलं. मास्तर पुढच्या सीटवर.

मला किळस आली ती वेगळ्याच गोष्टीची. गेल्या हिवाळ्यात नर्सबाईनं गावातल्या म्हाताऱ्यांना कागद वाटले होते, हाडं तपासून घ्या म्हणून. ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्यांच्याही हातात कागदच. आत्तीनं त्यावरचा सरकारी शिक्का बघितला, कागद मरियामातेच्या तसबिरीमागं खोचला आणि रोज त्याच्यापुढं दिवा लावला. मास्तरानं आपला कागद वाचला, तपासणी केली, गोळ्या सुरू केल्या, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला.

"मास्तर, तिचा कागद वाचून का दावला न्हाईसा?" मी इस्पितळाच्या दारात विचारलं.

"तिच्या नावाचा होता. दुसऱ्याचा कागद वाचू नये."

मला थुंकावंसं वाटलं. तिच्या वाट्याच्या जमिनीचे कागद मात्र यानं खडान्‌खडा वाचले होते.

आत डॉक्टरीण फॉर्म भरत होती. शिक्षण किती, असं तिनं विचारलं. आत्तीच्या आधी मास्तरच बोलला, "निरक्षर."

आत्तीनं उशीवर मान वळवली. "बानं दोघांस्नी शाळंत घातलं हुतं. पयल्याच वर्साला ऑलिव्ह येचायला मानूस कमी पडलं. मला काढली. ह्यो तितंच ऱ्हायला."

डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशननंतर काठी घेऊन घरातल्या घरात चालता येईल, उतारावर पुन्हा नाही. आत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा जन्म तिनं त्या उतारावर काढला होता.

मास्तरानं घसा खाकरला. "मग माझ्या जेवणाचं काय?"

आत्तीनं डोळे पुसले. "मसुराच्या पुडीवर लिवलेलं आसतंय म्हनं, कसं शिजवायचं त्ये. वाच."

मग तो माझ्याकडं बघायला लागला, जणू आता जेवण मीच घालावं. मी टेम्पोची किल्ली उचलली आणि त्याला तिथंच सोडून दार गाठलं.