खार्तुमहून रिकामा आलो

ऐका ना मित्रांनो, मध्ये बोलू नका, नुसतं ऐका! मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात माझ्यात गुलाबपाण्याचा हलवा भरला होता. हलवा संपला, वास राहिला, आणि रहिमाने मला घासून कामाला लावलं. काय थाट माझा! विमानाने फिरायचो मी!

तिचा नवरा यासिर जनरेटरचा मेकॅनिक. दोघं रत्नागिरीकडचे. अर्बाबने, म्हणजे मालकाने, त्याला मस्कतहून सुदानला पाठवलं होतं, खार्तुम शहरात. कंपनीचा सादिक सारखी ये-जा करायचा. जाताना माझ्यात रहिमाच्या नारळाच्या वड्या, येताना तिकडचे शेंगदाणे आणि वर यासिरची चिठ्ठी. फोन होता हो! पण फोनवर थाप मारली की रहिमा आवाजावरून पकडायची, म्हणून हा चिठ्ठ्या लिहायचा. "इथे सगळं मजेत." मी तिथेच टेबलावर असायचो. लष्कराच्या गाड्या गेल्या की माझं झाकण थडथडायचं. पण मला कोण विचारतो!

मग रमजानात सादिक मला परत घेऊन आला. चिठ्ठीत तेच, "सगळं मजेत. काम संपवून येतो." रहिमाने माझ्यात हात घातला. काही नाही!

आता बघा, आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

"सादिकभाई, तिथे काय चाललंय?"

"काही नाही, भाभी. घाईत विसरला असेल."

"तो? शेजारणीची वाटी द्यायला घरभर खजूर शोधणारा माणूस? खरं सांगा."

सादिकने मान खाली घातली. "दुकानं बंद आहेत. दोन फौजा समोरासमोर आल्यात. पण काम टाकून येईल त्याची नोकरी खलास, म्हणतो अर्बाब. घरी कुणी फारच आजारी असेल तरच सोडतो."

"मग मी फारच आजारी आहे," रहिमा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता कळवा."

यासिर आला. दारातून बघतो तर बायको चपात्या लाटतेय!

"रहिमा... तू तर धडधाकट आहेस!"

"आणि तूही."

त्याने पिशवी खाली ठेवली. "विमानात एकच जागा होती गं, माझ्यासोबत काम करणाऱ्या रशीदची. त्याचं काम संपलेलं. म्हणाला, भाभी आजारी आहे, तू जा, मी पुढच्या विमानाने येतो."

पुढचं विमान उडालंच नाही. शनिवारी सकाळी लढाई पेटली. विमानतळ बंद. रशीदचा फोन बंद.

आणि भर दुपारी दारात कोण? रशीदची आई, इथेच मस्कतला राहणारी गुलबानूचाची! हातात पेजेचं पातेलं. लेकाने शेवटच्या फोनवर तिला बजावलं होतं, भाभीकडे बघ म्हणून.

"उठू नको बाय, पी. आजाऱ्याला रोजा माफ असतो. अंगात ताकद आली की माझ्या रशीदसाठी दुवा माग."

रहिमाचा रोजा होता. यासिर भिंतीकडे बघत बसलेला. चाचीने फुंकर मारली आणि चमचा तिच्या ओठांपाशी धरला.

मित्रांनो, आपल्या माणसाला जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. रहिमाने जपलंच की! पण आता तो चमचा समोर होता. सांगा ना, तुम्ही काय केलं असतंत?