बत्तीस डोकी

"मामा, उठा. आधी आपल्या जागेवर बसा."

गाईडने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. पहिल्या रांगेतल्या प्रवाशांच्या सीटवर ड्रायव्हर दुखरी पाठ टेकून बसला होता. तो कण्हत उठला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसला. मग गाईड सीटच्या पाठीला हात लावत शेवटच्या रांगेपर्यंत गेला, येताना पुन्हा मोजत आला. बत्तीस. जुन्या राजवाड्याच्या फाटकातून निघायला त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला.

"दोनदा मोजता?" शेवटच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं.

"सवय आहे, ताई."

सवय कसली, वर्षभराची खोड ती. त्याआधी तो एका नजरेत मोजायचा, आणि मेंढपाळांनी आपल्याकडे शिकवणी लावावी, अशी वर फुशारकी मारायचा. गेल्या वर्षी याच सहलीत, शेवटच्या थांब्यावर, समुद्रातल्या किल्ल्यात एक म्हातारा मागे राहिला. किल्ल्याकडे जाणारी दगडी वाट भरतीला पाण्याखाली जाते. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याचं प्रेत वाटेच्या कडेला दगडांत अडकलेलं सापडलं. नाड्या एकमेकींना बांधून त्याने बूट गळ्यात अडकवले होते. चौकशीत गाईडने सांगितलं, 'तुम्ही निघा, मी येतो मागून,' असं ते स्वतःच म्हणाले. ड्रायव्हरने मान डोलावली. म्हाताऱ्याने स्वतःच ओढवून घेतलं म्हणून कागद बंद झाले आणि दोघांच्या नोकऱ्या राहिल्या.

विनोद तेवढे जुनेच चालू होते. राजवाड्यात सात स्वयंपाकघरं आणि राजाला मात्र पथ्य, हे ऐकून आजही सगळे हसले. शेवटच्या सीटवरच्या बाई हसल्या नाहीत.

जेवणाच्या थांब्यावर त्या चहाचा कप घेऊन त्याच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"मी त्यांची मुलगी. गेल्या वर्षी किल्ल्यात राहिले, त्यांची."

गाईडचा घास हातातच राहिला.

"तिकीट मीच काढून दिलं होतं," ती म्हणाली. "भांडण झालं होतं आमचं. म्हटलं, दिवसभर घरात बसून माझं डोकं खाता, जा की कुठेतरी. सकाळी एक शब्द न बोलता गेले." तिने कप बशीत फिरवला. "एवढंच विचारायला आले. 'मी येतो मागून' हे कसं म्हणाले? रागात होते?"

चार गोड शब्द गाईडच्या जिभेवरच असायचे. धंदाच तो.

"छे, छे. अगदी शांत होते. समुद्राकडे बघत होते."

"शांत," ती म्हणाली. "म्हणजे ठरवूनच राहिले."

ती उठून गेली. नोकरी वाचवायला मारलेली एक थाप ही बाई वर्षभर उशाशी घेऊन झोपत होती, आणि आता त्याने तिला दुसरी दिली होती. त्याला स्वतःची किळस आली.

बसजवळ ड्रायव्हरने त्याला बाजूला घेतलं. त्याने सगळं ऐकलं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी दोनच वर्षं राहिलीत रे. तुझ्याही घरात खाणारी तोंडं आहेत."



किल्ल्यावरून लोक परतले तेव्हा वाटेवर पाणी चढायला लागलं होतं. सगळे बूट-चपला हातात घेऊन, पाय झाडत बसमध्ये चढले. सगळ्यात शेवटी ती आली. गाईडने तिला दारातच थांबवलं.

"ताई, जरा खालीच थांबा."

ड्रायव्हर नेहमीसारखा पहिल्या रांगेत पाठ टेकून बसला होता. गाईडला येताना बघून तो आपणहून उठायला लागला, पण गाईडने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

"एक," तो मोठ्याने म्हणाला.

तो मागे मागे मोजत गेला. या वेळी एकदाच. मग दाराशी आला.

"बत्तीस झाले, ताई. गाडी भरली. आणि तुम्ही अजून खालीच आहात."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मागे, पहिल्या सीटवर. ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता.

"निघायचं ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"तेव्हाही ड्रायव्हर असेच तिथे बसले होते," ती हळूहळू म्हणाली.

"हो."

"म्हणजे बाबा तुम्हाला काही म्हणालेच नव्हते."

"नाही. ते आले नाहीत, हेच मला कळलं नव्हतं."

ती वळली. दगडी वाटेचा मधला भाग आता दिसत नव्हता.

"म्हणून बूट गळ्यात होते," ती म्हणाली. "भिजू नयेत म्हणून. ते घरी यायला निघाले होते." मग म्हणाली, "हाका मारल्या असतील त्यांनी."

गाईडने दाराचा दांडा घट्ट धरला. ती त्याच्याजवळून वर चढली. ड्रायव्हर सीट सोडून उठला, आणि ती तिथेच, पहिल्या सीटवर बसली.

"आता मोजा," ती म्हणाली. "आणि उद्या हे सगळं चौकशीवाल्यांना लिहून द्या."

"देतो."

सुरुवात तिच्यापासूनच करायची होती. सीटच्या पाठीला लावायला त्याने हात उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला.