शाळेसमोरचा पहारा

म्हसवडच्या शाळेनं यंदा नवं खूळ काढलं. शाळा सुटली की प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरच्यांच्या फोनवर टिपका येतो. शहाण्यासारखं वागलं तर हिरवा, नाहीतर लाल. खाली बाईंचा शेरा. पूर्वी प्रगतिपुस्तकापुरती काय ती धाकधूक असायची, उरलेलं वर्ष आईबाप सुखानं जेवायचे. आता रोजच निकाल.

पाचवीतल्या साक्षीला सोमवारी पहिला लाल मिळाला. 'तासाला बोलत होती.' रेश्मानं, म्हणजे तिच्या आईनं, तो बघेपर्यंत तिकडे जम्मूत ड्यूटीवर असलेल्या बापानं बघितलाही होता. अर्जुनानं फोनवरच फर्मान सोडलं: हा आठवडा असाच गेला तर जूनपासून साताऱ्याला हॉस्टेल.

ते ऐकून आजोबा लालासाहेब भरल्या ताटावरून उठले. सून चांगली, पण तिला कामापुढे सवड कुठली? बायको गेल्यापासून त्यांच्याशी गप्पा मारणारी साक्षीच होती. म्हातारा रिटायर्ड सुभेदार. काळजी वाटली की त्याला एकच इलाज ठाऊक. मंगळवारी काठी घेऊन तो शाळेसमोरच्या दगडावर पहाऱ्याला बसला. घरचं माणूस समोर दिसलं की पोरगी ताळ्यावर राहील, असा हिशेब.

त्या दिवशीही लाल. 'लक्ष खिडकीबाहेर.' म्हातारा आणखी लवकर जाऊन बसू लागला, तर पुन्हा लाल, तोच शेरा. रेश्मा फोन बघायची आणि तव्यावर भाकरी करपायची. लालासाहेब संध्याकाळभर अंगणात येरझाऱ्या घालायचे. साक्षीला विचारावं तर ती दप्तर उघडून अभ्यासाला बसायची.

शुक्रवारी भाग्यश्री बाईंनी सासऱ्या-सुनेला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोरच बाईंनी साक्षीला गोडीनं विचारलं, बाहेर एवढं काय बघतेस? साक्षी आजोबांच्या चपलांकडे बघत राहिली.

"आज्जा उन्हात बसत्यात," ती म्हणाली. "मागल्या साली चक्कर येऊन पडलं हुतं. परत पडलं तर कुणाला दिसायचं न्हाई, म्हणून मी बघती."

कोण कोणावर पहारा करत होतं ते लालासाहेबांना तेव्हा कळलं. त्यांना भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला.

संध्याकाळी अर्जुनाचा फोन आला. त्यानं हॉस्टेलचं नाव काढताच म्हाताऱ्यानं रेश्माच्या हातून फोन घेतला.

"पयला टिपका तिचा," ते म्हणाले. "बाकीचं समदं लाल माझं हाय रं. हॉस्टेलला धाडायचंच आसंल तर मला धाड."