चपलांची फळी

वेल्समधल्या लानवेन गावचं चर्च आठशे वर्षांचं, आणि मधुमतीबाईंची त्याच्याशी ओळख चाळीस वर्षांची. पहिल्याच दिवशी बाईंनी दारात चपला काढल्या आणि अनवाणी आत गेल्या. देऊळ म्हटलं की चपला बाहेर, मग देव कुणाचा का असेना. आत फरशी बर्फासारखी, आणि लोक बघतच राहिले. डॉक्टर काशीनाथराव बिचारे काय करतील? त्यांनीही बूट काढले. बायको एकटी वेडी दिसायला नको.

पुढच्या रविवारी चपला पावसात भिजल्या. तेव्हा डॉक्टरांनी आतल्या एका मोडक्या, जुनाट बाकाची फळी कापून दाराबाहेरच्या ओसरीत ठोकली, दोन जोड मावतील एवढी. टाके घालताना सरळ चालणारा हात सुतारकामात मात्र पार वाकडा. फळी आजही तिरकी आहे. डॉक्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. राख नदीत गेली, दवाखाना पाडला. मुलगी मंजिरी मँचेस्टरला, फोन केला की मीटिंगमध्ये. नवऱ्याचं म्हणून हात लावायला बाईंना गावात ही एक फळी उरली होती.

आता चर्चही बंद. रविवारी चार डोकी जमेनात, मग दुसरं काय होणार? कुणीतरी सुट्टीतलं घर करायला विकत घेतलं. किल्ली बाईंकडे असायची, म्हणून कार्डिफहून आलेल्या कॅरिसला दार उघडून द्यायला त्याच गेल्या. कॅरिस इतिहासाची तज्ज्ञ. जुनं ते कायद्यानं जागेवर राहणार, बाकीचं भंगाराच्या स्किपमध्ये, आणि त्याची यादी ती करत होती.

फळीपाशी तर ती गुडघ्यांवरच बसली.

"हातानं कापलेली आहे," ती म्हणाली. "यात्रेकरू इथं बूट काढत असावेत. लाकूड तीनशे वर्षांचं तरी असेल. कुणी केली, काही ऐकलंय तुम्ही?"

नाव बाईंच्या अगदी ओठांवर आलं. लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला नाव घ्यायला त्या कधी लाजल्या नव्हत्या. पण आज नाव घेतलं असतं तर फळी गेलीच म्हणायची.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "मला नाही माहीत."

कॅरिसनं लिहिलं, 'कारागीर अज्ञात'.

तिची गाडी वळणापलीकडे गेली. एवढ्या वर्षांचा संसार, आणि आपण नवऱ्याला ओळखसुद्धा दाखवली नाही, याचं बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी चपला काढून फळीवर ठेवल्या, शेजारची जागा मोकळी सोडली, आणि रिकाम्या चर्चात उभ्या राहून खणखणीत आवाजात नाव घेतलं.

"दोघांच्या फळीवर चपलांचा एकच जोड,
काशीनाथरावांचं नाव घेते, नावच तेवढं गोड."

एरवी अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, ऐकू नाही आलं, परत घ्या. बाई जरा वेळ थांबल्या. मग त्यांनी आपणच परत घेतलं.