न जन्मलेल्या मुलीची डोळेतपासणी

मेधाची मुलगी दहा आठवडे आधीच आली. वजन सव्वा किलो, म्हणजे एक बऱ्यापैकी पपई. काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर राहून ती उणकलच्या घरी आली, तेव्हा नर्सने कार्डावर लाल शाईने लिहून दिलं होतं: तीस दिवसांच्या आत डोळे तपासणे.

आज एकोणतिसावा दिवस होता. आणि घरात सव्वा महिना चालू होता. बाळंतिणीने आणि बाळाने उंबरा ओलांडायचा नाही, हा हेमावतींचा कायदा. हेमावती म्हणजे मेधाच्या सासूबाई, निवृत्त हेडमास्तरीण. त्यांच्यापुढे शाळेची घंटासुद्धा परवानगी घेऊन वाजायची.

"डोळ्यांना काय झालंय तिच्या? पंख्याकडे टकामका बघतेय की!"

"आई, बाहेरून चांगलेच दिसतात. आतल्या पडद्याच्या शिरा अर्ध्याच वाढलेल्या असतात अशा बाळांच्या. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदाच सुटतो. मग आयुष्यभर काही दिसत नाही."

"आठ दिवसांनी जाऊ."

मेधाने नवऱ्याकडे पाहिलं. साकेत भिंतीवरच्या वॉटर फिल्टरइतकाच तटस्थ होता. मग ती सासऱ्यांकडे वळली. वेंकटेश अप्पांनी चाळीस वर्षं धारवाड कोर्टात वकिली केली होती, त्यातली तीस तारखा मागण्यात.

"अप्पा, हिच्या जन्माची खरी तारीख कधीची?"

"डॉक्टरांनी दिलेली? अजून सहा आठवडे आहेत."

"म्हणजे ही अजून जन्मलीच नाही. मग सव्वा महिना सुरू कसा झाला?"

अप्पांच्या डोळ्यांत पुष्कळ वर्षांनी चमक आली. "मुद्दा बिनतोड आहे."

"अय्यो! मग सकाळपासून रडतेय ती कोण?" हेमावती म्हणाल्या. "बरं, ती नसेल जन्मली. पण मेधा तर बाळंतीण आहे ना?"

"नाही आई. मी आठ महिन्यांची गरोदर आहे. गरोदर बाईला दवाखान्यात नेत नाहीत का?"

हेमावतींनी सुनेकडे नीट पाहिलं. हट्टी मुलगी हुशारही निघाली की त्यांना वर्गात राग यायचा, आणि त्याच मुलीची वही त्या घरी नेऊन सगळ्यांना दाखवायच्या.

"साकेत, कार काढ. गरोदर बाईला रिक्षात धक्के बसतात."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोळ्यांत थेंब घालून, भिंग लावून बराच वेळ पाहिलं. शिरा दोन्ही डोळ्यांत बिघडायला लागल्या होत्या. "उद्या सकाळीच लेसर करू. आठ दिवसांनी आला असतात तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. हेमावतींनीही पुरं करायला सांगितलं नाही. व्याकरणाच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सूट दिली. परतताना त्यांनी मेधाचा हात धरला तो उणकल येईपर्यंत सोडला नाही.

लेसरनंतर चार महिन्यांनी, पाचव्या तपासणीत, डॉक्टरीणबाईंनी लाल चेंडू डावीकडून उजवीकडे नेला. एव्हाना वेदश्री झालेल्या बाळाचे डोळे त्याच्यामागे गेले. अगदी टोकापर्यंत.

"परत करा," हेमावती म्हणाल्या.

परत केलं.

"आता उलट बाजूने."

बाहेर रांगेत कुरकुर सुरू झाली. हेमावतींनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. "ओरडताय कशाला? आत या सगळे आणि बघा. हिला दिसतंय. आमच्या मेधाने तिला वेळेवर आणली!"

आणि मेधा लाजेने लाल होत असतानाच खरोखर सहाजण आत आले.