गावकऱ्यांची पट्टी

तिने मनगट कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकवलं. सरांनी पाठवलेल्या रंगपट्टीचा मधला रंग आणि तिचं मनगट यांत तसूभरही फरक नव्हता. पट्टीला सरांनी नावही दिलं होतं : ‘चोर’.

ती तरातरा त्यांच्या खोलीत गेली.

“सर, चोर काळेच का?”

“अगं, लहान मुलांचा खेळ आहे. बघताक्षणी कळायला हवं. गावकऱ्यांतलेच बारा चेहरे घे आणि ही पट्टी लाव. नवी चित्रं कशाला काढत बसतेस?”

“तोंडाला फडकं बांधते. पाठीवर गाठोडं देते.”

“राईचा पर्वत करू नकोस. तुला कोण काय म्हणालंय?”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिने खपून तिने चाळीस गावकरी काढले होते, एकेक चेहरा बोटाच्या पेराएवढा. आधी नुसता करड्या छटांत काढायचा, मग त्याला रंगपट्टी जोडायची. गडद करड्याला पट्टीच्या एका टोकाचा रंग मिळे, फिकट करड्याला दुसऱ्या टोकाचा. पुन्हा पुन्हा रंगवत बसायला नको म्हणून तिने चाळीसही जणांना एकच पट्टी जोडली होती.

चेहरे मात्र सगळे ओळखीचे होते. गावप्रमुख म्हणजे सर, मिशांसकट. पाववाली म्हणजे ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशी. चित्र दाखवलं तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, “छान आहे हो. कोण म्हणायची ही?”

“चष्मा लावा मावशी, तुम्हीच आहात!”

तेव्हा खोलीत हशा पिकला होता. मावशीही हसल्या होत्या. आता त्याच मावशींना काळं करून चोर ठरवायचं?

“मी ही पट्टी लावणार नाही,” ती म्हणाली. “नोकरी गेली तरी बेहत्तर.”

“नको लावूस. दोन मिनिटांचं काम, मीच करतो.”

सरांनी बारा चेहरे पडद्यावर घेतले आणि त्यांच्या पट्टीतच नवे रंग भरले. आधी पट्टीची वेगळी प्रत करायची असते, याचा त्यांना पत्ताच नव्हता. पडद्याबाहेरचे अठ्ठावीसही त्याच क्षणी बदलले. सांगायला शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिने ओठ मिटून घेतले. होऊ दे शोभा.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ पहिल्यांदा चालवून बघायचा होता. कधीच न खेळलेलं माणूस हवं म्हणून सरांनी मावशींना खुर्चीत बसवलं. बाकीचे मागे गोळा झाले.

“चोर दिसला की त्याच्यावर बोट ठेवायचं. सोपं आहे.”

पडद्यावर बाजार उघडला. चाळीसच्या चाळीस चेहरे काळेसावळे. सरसुद्धा, मिशांसकट. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ती कालपासून याचीच वाट बघत होती.

“अरे, हे काय! सगळेच चोर झालेत!” सर ओरडले.

मावशींनी चष्मा लावला, पुढे वाकल्या. त्यांचं बोट पाववालीपाशी जाऊन थांबलं.

“अगं बाई, ही तर मी!” त्या हरखून म्हणाल्या. “आता कशी ओळखू आले. मागे ती गोरी बाई दाखवलीत ना ताई, तेव्हा सगळे हसले म्हणून मीही हसले. म्हटलं, असेल कुणीतरी.”

सर घसा खाकरून तिच्याकडे वळले.

“आधीची पट्टी लाव. तुझी.”

ती खुर्ची ओढून बसली. जुन्या फायलींत मूळ पट्टी होती, तिनेच बनवलेली, तिनेच नाव दिलेली : ‘गावकरी’. तिने ती उघडली. मनगट पडद्याकडे नेलं आणि अर्ध्यावरूनच मागे घेतलं. तीन महिन्यांपूर्वी ते टेकवून बघायचं तिला सुचलंही नव्हतं. तिचे कान तापले.

“ताई,” शेजारून मावशी म्हणाल्या, “मला तेवढी अशीच राहू द्या हो.”