राहिलेले एकोणीस दिवस

एलिसनने काळ्या वस्त्राला कसरीने पाडलेले शेवटचे भोक शिवले आणि दोरा दातांनी तोडला. उद्या सकाळी हेच वस्त्र घालून तिचा भाऊ थर्स्टन मेलेल्या राजासाठी मिस्सा म्हणणार होता. प्रार्थना मात्र आज दुपारपासूनच. तसा हुकूम यॉर्कहून आला होता.

दहा वर्षांपूर्वी राजा मठ बंद करू लागला आणि ते वाचवायला उत्तरेकडची माणसे त्याच्याविरुद्ध उठली, तेव्हा एलिसनचा नवरा मायल्स त्यांच्यात सामील झाला. थॉर्नडेल मठाच्या दारापुढे त्याला फासावर चढवले, मठाधिपतींच्या शेजारीच. मग मठ बंद झाला आणि तिथला संन्यासी थर्स्टन गावचा धर्मगुरू होऊन बहिणीच्या घरी राहायला आला. राजद्रोह्याचे नाव प्रार्थनेत घेणे म्हणजे आपलीही मान दोरात देणे. मायल्सचे नाव वेदीपुढे एकदाही निघाले नव्हते. दर वर्षी ती विचारायची आणि थर्स्टन म्हणायचा, राजा आहे तोवर नको. पुढे तिने विचारणे सोडले. रडणे कधी सुटले, ते तिलाही आठवत नव्हते.

"दादा, आता राजा नाही," वस्त्र त्याच्या हातात देत ती म्हणाली. "आज मायल्सचं नाव घे."

थर्स्टनने वस्त्र उलटसुलट करून पाहिले. शिवण छान आली आहे म्हणाला आणि गेला.

बंद मठाचे दगड नेऊन डुकरांचा गोठा बांधलेला पिकरिंग चर्चच्या दारात राजाचे गोडवे गात उभा होता. पोपच्या नाकावर टिच्चून राज्य केले, ऐतखाऊ संन्याशांना कामाला लावले, राजा असावा तर असा.

"तुझी डुकरं मठाच्या दगडांआड निजतात ना, म्हणून तुला तो थोर," गाड्यांची चाके बनवणाऱ्या सुताराची बायको म्हणाली. मठाच्या दारी मिळणाऱ्या पेजेवर तिची चार पोरे वाढली होती.

माणसे हसली. एलिसन आत जाऊन बसली.

लॅटिन तिला कळत नसे, पण नावे कळत. राजाचे नाव आले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले आणि थर्स्टनने पुस्तक मिटले. आता आपल्याला राग येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. आला नाही. पाय तेवढे गारठले होते.

घरी तिने वाटाण्याचे कढण दोन वाडग्यांत वाढले. थर्स्टनने फळीवरून तिसरा वाडगा काढला, काठोकाठ भरला आणि रिकाम्या बाकापुढे ठेवला. मायल्ससाठी असेल, असे एलिसनला वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मठाधिपतींचं," तो म्हणाला.

मठात कुणी वारले की तीस दिवस त्याच्या जागी त्याचे जेवण वाढायचे आणि ते दारच्या भुकेल्याला द्यायचे, अशी रीत होती. "अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी राजाची माणसं मठ बंद करायला आली. एकोणीस राहिलेत."

"आणि मग?"

"मग राजाचे तीस." उद्याचे काम सांगावे तसे त्याने सांगितले. "नावडत्याचंही वाढायचं, असा नियम होता."

"आणि माझ्या मायल्सचे?"

थर्स्टनने तोंड उघडले. ही रीत संन्याशांसाठी होती, मायल्स तर मेंढपाळ, एवढे त्याच्या ओठांवर आलेले तिला स्पष्ट दिसले. ते त्याने गिळले आणि हातातला चमचा खाली ठेवला.

एलिसनने बाकापुढचा वाडगा उचलला. दाराशी लंगडा भिकारी वॅट बसला होता, रोजच्यासारखा. वाडगा हातात घेत त्याने विचारले, कुणासाठी प्रार्थना करू?

"मायल्स हार्डकॅसलसाठी," ती म्हणाली. रस्त्याने पिकरिंग चालला होता, तो थबकला. तिने नाव पुन्हा घेतले, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मागून थर्स्टन आला. त्याच्या हातात त्याचा स्वतःचा वाडगा होता. तो त्याने वॅटपुढे ठेवला.

"हा मठाधिपतींचा."

दोघे आत येऊन बसली. एकच वाडगा उरला होता. एलिसनने तो मेजाच्या मधोमध सरकवला. बराच वेळ दोघे एकाच वाडग्यातून जेवत राहिली.

"राजाचे तीस कधी धरायचे?" तिने विचारले.

"माहीत नाही," थर्स्टन म्हणाला.